व्हिएतनामच्या कवीचा दमा

हे मी अजून कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं काम आहे का?

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा मी एका सरकारी कचेरीत टँकरच्या नोंदी ठेवायचो. दुष्काळ लई वाईट. गावं तहानलेली, अन् एक टँकर रोज साहेबांच्या बंगल्यातले गुलाब भिजवायचा. मला राग आला. कविता लिहिली. मग भीती वाटली — नोकरी नवी, दोन पोरी. म्हणून खाली लिहून टाकलं: 'मूळ कवी व्हिएतनामचे. सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून तुरुंगात.' कुठला कवी अन् काय! त्याला नाव मी दिलं, कोठडी मी दिली. दमासुद्धा माझाच दिला.

शेजारच्या टेबलावर लातूरजवळच्या मुरुडचे गायकवाड बसायचे. त्यांना वाचायला दिली, तर त्यांचे डोळे भरले. "तिकडं बी टँकर हायत?" मी म्हणालो, हाव. तेव्हापासून तो कवी त्यांच्या घरचाच झाला. डबा उघडला की म्हणायचे, "त्याला आज काय खायला दिलं असंल?" मी आपली भाकरी चावत राहायचो.

कविता हातोहात गावभर फिरली. मग एक दिवस बायकांचा घागर मोर्चा आला, आणि गायकवाडांनी कचेरीच्या फाटकात उभं राहून ती मोठ्यानं वाचली. साहेब बाहेर आले. "मराठीत कुणी आणली ही?" गायकवाडांनी माझ्याकडं पाहिलं. अन् मी? — मी माझ्या चपलेचा अंगठा बघत होतो.

"म्या आणली," ते म्हणाले.

त्यांची बदली झाली, लांब हिमायतनगरला. आई आजारी मुरुडला, हे तिकडं. आणि पत्रात विचारायचे काय, तर कवीचा दमा कसा आहे. दर पंधरवड्याला! लाजेनं मला पत्र फोडवेना. शेवटी मी कवीला मारून टाकलं. तुरुंगातच गेला, असं कळवलं.

पुढच्या रविवारी गायकवाड एसटीनं थेट माझ्या दारात. गळ्यात पडून रडले. मलाही रडू फुटलं — खरं रडू. पण तोंड उघडलं का? नाही. त्यांनी पिशवीतून अडुळशाच्या काढ्याची बाटली काढली. त्याच्यासाठी केला होता, तुरुंगाचा पत्ता तेवढा सापडत नव्हता.

"आता तुमीच घ्या," म्हणाले. "तुमाला बी दमा हाय ना."

मी घेतला. आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ. चांगला आराम पडला.