आठव्या मजल्यावरचा डबा

आमच्या वेअरहाउसमध्ये प्रत्येक वस्तूला जागा आहे. गल्ली, मजला, कप्पा, सगळं कॉम्प्युटरला पाठ! जागा नाही ती फक्त किश्श्यांना. म्हणून ते चहाच्या टेबलावर साठत जातात, आणि चहा संपला तरी कुणी उठत नाही. मग आमचे मॅनेजर सर काचेआडून बघतात आणि बोलणी मी खाते, कारण कंट्रोल रूम माझी आणि आवाजही माझाच मोठा.

नवलाख उंबरे गावाजवळ आमचं गोदाम. छतापर्यंत रॅक, गल्लीगल्लीत रुळावर धावणारी क्रेन. कूलर, मिक्सर, गीझर, काय असेल ते तीच वर ठेवते, तीच खाली आणते. आत माणसाला सक्त बंदी.

*

आमचे आबा सुदुंबऱ्याचे. उभा जन्म जुन्या गोदामात पाठीवर माल वाहिला, आता इथे बाहेर पडणारा माल तपासतात. पहिल्याच दिवशी क्रेन सुसाट आली आणि जाळीपाशी गपकन थांबली. आबा दचकून मागे!

"थोरामोठ्यांच्या अंगावर धावून येती! काय वळण हाय का न्हाई हिला?"

तेव्हापासून क्रेनचं नाव सूनबाई पडलं. आबांच्या खऱ्या सूनबाईंना कुणी सांगू नका म्हणजे झालं.

*

खंडेनवमीला आबांनी आत जाणाऱ्या पहिल्या पॅलेटला, म्हणजे माल रचलेल्या लाकडी फळीला, झेंडूचा हार घातला. आता आमच्याकडे आत जायच्या तोंडाशी सेन्सरची चौकट आहे. काहीही बाहेर लोंबकळलं की लाइन बंद. एक झेंडू लोंबकळला आणि सगळं ठप्प!

मेंटेनन्सचे सलीमभाई, लोणावळ्याचे, पाना घेऊन धावत आले. मी ओरडले, "आबा, स्क्रीनवर येतंय, माल बाहेर आलाय!"

"माल न्हाई त्यो, हार हाय! सांग त्या स्क्रीनला!"

सलीमभाईंनी तेवढं एक फूल तोडून खिशात टाकलं आणि लाइन सुरू झाली. म्हणाले, "आबा, सूनबाईला नजर लागायची भीती नको. तिचीच नजर कडक आहे!"

*

उन्हाळ्यात सरांच्या मागे माल ज्यांचा त्या कंपनीचं मुंबई ऑफिस लागलं. माल आत-बाहेर व्हायला वेळ लागतो, ट्रक फाट्यापर्यंत उभे राहतात, सुधारा नाहीतर काम दुसऱ्या गोदामाला देऊ. सर बिचारे जेवेनासे झाले. मग त्यांनी शोधून काढलं की क्रेन माल ठेवायला भरलेली जाते आणि हात हलवत परत येते. परतीची फेरी फुकट!

सरांनी मीटिंग घेतली. "शेजारणीचं भांडं तुम्ही रिकामं परत करता का?"

"छ्या!" आबा म्हणाले. "निदान चिमूटभर साखर तरी घालायची."

"मग क्रेन का रिकामी यावी? यापुढे ठेवायला गेली की येताना काहीतरी घेऊन येणार. आणि ऑर्डरशिवाय एकही फेरी नाही. प्रत्येक फेरी मुंबईला दिसते!"

पटलं बुवा सगळ्यांना. आणि त्याच आठवड्यात डबा आत गेला.

*

झालं असं. आबांच्या मंडळींनी, म्हणजे हौसामावशींनी, सलीमभाईंच्या घरी कुरडया धाडल्या होत्या. डबा साधासुधा नाही, लग्नात मामाने दिलेला, नाव कोरलेला! भाभींनी तो शेंगदाण्याच्या चिक्कीने भरून परत पाठवला. सलीमभाई तो आबांना द्यायला निघाले, तेवढ्यात चौकटीचा सेन्सर अडला. डबा ठेवला समोरच्या गीझरच्या पॅलेटवर, दोन खोक्यांच्या मध्ये, आणि सेन्सर पुसला. सेन्सर सुधारला, लाइन सुरू झाली, आणि डबा निघाला!

"ताई, थांबव! थांबव!" सलीमभाई मला ओरडले.

मी बटणापर्यंत पोचेतो सूनबाई डबा घेऊन तिसऱ्या गल्लीत, रॅकच्या आठव्या मजल्यावर.

मी सरांना म्हटलं, एक फेरी मारते. सर हात जोडून म्हणाले, "ऑर्डर आल्याशिवाय नाही. माझी नोकरी टांगणीला लागलीय गं!" आणि भर उन्हाळ्यात गीझरची ऑर्डर देणार कोण?

*

घरी मावशींनी निकाल देऊन टाकला. "माझा डबा येईस्तवर तुमाला डबा न्हाई."

आबा कँटीनच्या पोह्यांवर आले. जेवणाच्या सुट्टीत कंट्रोल रूममध्ये यायचे. "पोरी, जरा दाव की." तिसऱ्या गल्लीतून क्रेन गेली की तिच्या कॅमेऱ्यात डबा चमकून जायचा. आबा तेवढं दर्शन घ्यायचे आणि सुस्कारा सोडून पोहे खायला जायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. पस्तीस वर्षांचा संसार, आणि माणूस डब्याला महाग!

येईल त्या ड्रायव्हरला आबा गाठायचे. "घरी गीझर हाय का? घ्या की. उन्हाळा झाला म्हणून काय झालं, गार पानी लय बाधतं!"

*

मग तो दिवस आला. मुंबईचे मोठे साहेब काचेसमोर उभे राहिले. सूनबाईने त्या दिवशी नाव काढलं! कूलर ठेवला की मिक्सर घेऊन बाहेर, मिक्सर ठेवला की कूलर घेऊन बाहेर. साहेब मान डोलावत होते, सरांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती.

शेवटचं पॅलेट तिसऱ्या गल्लीत शिरलं आणि नेमकी त्याच्या जोडीची ऑर्डर डीलरने रद्द केली. स्क्रीनवर आलं, परतीला माल नाही.

सर माझ्या कानाशी आले. "ताई, काहीही आण, पण रिकामी नको!"

"काहीही?"

"अगं काहीही!"

मी बटण दाबलं.

गीझरचं पॅलेट डुलत बाहेर आलं आणि त्यावर ऐटीत बसलेला डबा! आबांनी आधी डोक्यावरची टोपी सारखी केली, मग डबा दोन्ही हातांनी उचलला. साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"चिक्की हाय, साहेब. घ्या."

पत्र्याखालच्या उकाड्याने चिक्कीची एक अखंड लादी झाली होती. सलीमभाईंनी ती पान्याने फोडली. साहेबांनी दोनदा घेतली, सरांच्या पाठीवर थाप मारली आणि गेले. काम इथेच राहिलं! आम्ही टाळ्या पिटल्या. पण आबा मात्र पुसून लख्ख झालेल्या डब्याकडे बघत उभे.

"सर, आता ह्यो रिकामा घरी कसा न्यू?"

सर तडक केबिनमध्ये गेले, स्वतःचा टिफिन आणला आणि त्यातली साबुदाण्याची खिचडी, होती नव्हती तेवढी, आबांच्या डब्यात ओतली.

दुसऱ्या दिवशी आबा दोन डबे घेऊन आले. एक आपल्या खुंटीला अडकवला. दुसरा, नाव कोरलेला, सरांच्या टेबलावर ठेवला.

"मंडळींनी धाडलाय. पिठलं-भाकरी हाय." आबा दारापर्यंत गेले आणि वळले. "आन निरोप हाय. खिचडीत मीठ कमी हुतं!"