वाचनालयाच्या दुरुस्तीचा अर्ज

पांढुर्ण्यातल्या आमच्या जुन्या वाचनालयाच्या भिंती चांगल्या दीड हात जाड. चुन्यात बांधलेली वीट, वर सागवानी फाटे, त्यावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. गरम हवा बाहेर जावी म्हणून खिडक्यांच्या वर झरोके. हे सगळं मला बाबांनी दाखवलं. ते तिथं शिपाई होते. आमच्या वस्तीतल्या माणसाला एके काळी ज्या ओसरीवर चढू देत नव्हते, तिथलं कुलूप बाबा रोज सकाळी उघडत. रिटायर झाल्यावरही पेपर वाचायला तिथंच जात.

मी वाढले पत्रकांवर. जयंतीची, मोर्च्याची, पाणीटंचाईची. पत्रकात दुखणं दुपटीनं सांगायचं, नाहीतर कोणी ऐकत नाही, एवढं मला लहानपणापासून पाठ.

दोन वर्षांमागे कवेलू फुटले आणि एक कोपरा गळायला लागला. मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला: ‘छत कधीही कोसळेल. भिंती पोखरल्या आहेत. वाचकांच्या जिवाशी खेळ थांबवा.’ बाजारभर फिरून सह्या घेतल्या. पहिली सही बाबांची.

उत्तर आलं नाही. मग पांढुर्णा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्यांना जागा हवी झाली आणि गेल्या महिन्यात वाचनालयाच्या दारावर इमारत पाडण्याची नोटीस लागली. मी तणतणत कचेरीत गेले. तिथल्या कारकून बाबूनं शांतपणे फाईल उघडली.

“आमी कुठं पाडून राहिलो, म्याडम? तुमीच तं लिहून देल्लं. साहेबानं रिपोर्टात हेच उतरवून घेतलं. जाऊन पाहाची गरजच नाई पडली.”

“मी दुरुस्ती मागितली होती.”

“कोसळनाऱ्या छताची कायची दुरुस्ती?”

शेजारच्या टेबलावरचा हसला. “बुढ्याची सही बी हाय पाहा, सगळ्यात वरती.”

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

“एकच कोपरा गळे ना?”

“हो.”

“मंग तेवढंच लिहाचं होतं, पोरी.”

काल नवा अर्ज लिहिला. भिंती मजबूत आहेत, लाकूड शाबूत आहे, एक कोपरा गळतो. इतकं साधं काही मी कधी लिहिलं नव्हतं. सह्यांसाठी परत त्याच दुकानांत जावं लागणार, आणि सगळे तेच विचारणार: मागच्या वेळी तर छत कोसळतंय म्हणत होतीस ना?

आधी बाबांपुढे धरला. मागच्या वेळी त्यांनी न वाचताच सही केली होती, पोरीनं लिहिलंय म्हणून. या वेळी त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.