सत्यशीलेचा रॅम्प

सत्यशीला रायपूरजवळच्या पावर हाउस नावाच्या भागात एका खाजगी बस-काउंटरवर गाड्या पुकारायची. आवाज खणखणीत, नोकरी बरी. मग एका उन्हाळ्यात तिचं डोकं असं धावायला लागलं की झोप नाही, जेवण नाही, तोंड मात्र थांबेना. एके दिवशी माइकवरून तिने रायपूरच्या गाडीचे ब्रेक कसे आहेत ते सगळ्या प्रवाशांना सांगून टाकलं, आणि ड्रायव्हर कुठे झोपलाय तेही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे तिला त्याच दिवशी काढलं.

पुढे दवाखाना, 'बायपोलर' हा नवा शब्द आणि गोळ्या. गोळ्यांनी डोकं ताळ्यावर आलं, पण सकाळी ते उशीवरून उचलता उचलेना. रेल्वेतून रिटायर झालेले तिचे वडील धोंडबा शेजारीपाजारी सांगत, पोरीला थायरॉइड आहे. मोहल्ल्यात थायरॉइडला इज्जत होती.

अशात कळलं की मानसिक आजार असलेल्यांनाही दिव्यांग म्हणून कामाला लावायचं सरकारने मनावर घेतलंय. सत्यशीला रोजगार मेळाव्याला गेली. टेबलावरच्या बाबूने आधी तिची तीनचाकी कुठे आहे ते विचारलं. ती चालत आली म्हटल्यावर पुढचे प्रश्न त्याने ओरडून विचारले, बहिऱ्या माणसाला विचारावेत तसे. तरी काम मिळालं. जवळच्या कुम्हारी गावातल्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या पॅक करायच्या.

दिव्यांगांची सोय करा, असं रोजगार ऑफिसातून सांगितल्यावर कारखान्याच्या सेठने हात आखडला नाही. गेटपाशी सिमेंटचा रॅम्प ओतला, स्टीलचा कठडा लावला, फीत कापली. फोटोसाठी सत्यशीला रॅम्पवरून चढली. फोटो हलला म्हणून पुन्हा चढली.

तिला हवी होती फक्त दुपारची, दुसरी पाळी. सुपरवायझर म्हणाला, तसा नियम नाही. मग ती सकाळभर बादल्यांवर पेंगायची. बाकीच्या बाया तिच्याशी तान्ह्या लेकराशी बोलावं तसं बोलत. त्यांच्यातली वडीलधारी ठकूबाई तर तिने चूक केली की गोड हसून आपणच दुरुस्त करायची. त्या हसण्याने सत्यशीलेला रडू यायचं.

काही महिन्यांनी रोजगार ऑफिसातले साहेब पाहणीला आले. सेठने अर्थातच रॅम्प दाखवला. काही तकलीफ आहे का, असं साहेबांनी सत्यशीलेला विचारलं, तर सेठच म्हणाला, काहीच नाही.

"रॅम्प चांगला हाय, साहेब," सत्यशीला म्हणाली. "पोट्टे त्याच्यावरून बाईक चढवून राहिले. पण माह्ये पाय धड हायेत. मले सकाळी गोळ्यांची झोप येते. दुसरी पाळी द्या, रॅम्प वापस न्या."

साहेबांनी कागद काढून तिच्या आजाराचं नाव वाचलं, बहुतेक पहिल्यांदाच. मग दुसऱ्या पाळीत अडचण काय, असं सेठला विचारलं. सेठने सुपरवायझरला हाक मारली. या सोयीत सिमेंटसुद्धा लागत नव्हतं.

सोमवारपासून ती दुपारी जायला लागली. त्या आठवड्यात ठकूबाईचीही तीच पाळी होती. सत्यशीला टक्क जागी, गप्पांत रंगलेली. निळ्या बादल्यांवर लाल झाकणं बसवत सुटली.

"लक्ष कुठं हाय व तुयं?" ठकूबाई कडाडली. "कावून लाल लावून राहिली? काढ सारे!"

हसू लपवत सत्यशीलेने सगळी झाकणं काढली. घरी आल्यावर धोंडबांना म्हणाली, "बाबा, आज मले शिव्या पडल्या."

"कोनाच्या?" धोंडबा घाबरले.

तिने हसत डाळभात पुन्हा वाढून घेतला.