दोन डोंगरांचा एक उतार

आमच्या गावाची टेकडी कंधार तालुक्याच्या अगदी शेवटाला आहे. पायथ्याशी ओढा आहे आणि ओढा ओलांडला की लातूर जिल्हा लागतो. टेकडीचा ओढ्याकडचा उतार आमच्या घरचा. मुरमाड जमीन, सोयाबीनसुद्धा धड येत नाही. येतं ते फक्त कुसळी गवत. दसरा झाला की ते वाळून इतकं गुळगुळीत होतं की त्यावर नुसतं उभं राहणंही मुश्किल.

माझे वडील, अण्णा, शाळेत पीटीचे मास्तर होते. रिटायर झाल्यावर बाकीचे मास्तर देवळाच्या कमिटीत जातात. अण्णांनी घसरगुंडी काढली. युरियाच्या रिकाम्या पोत्यात भुसकट भरायचं, तोंड शिवायचं, त्यावर ताठ बसायचं आणि वरून सुटायचं, एवढाच खेळ. पण परत वर चढताना लोकांची दमछाक व्हायची, म्हणून त्यांनी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन टेकडीच्या माथ्यावर नेलं, ट्रॅक्टरच्या दोन जुन्या रिमांवरून नायलॉनचा दोर फिरवला आणि दोराला हातहातभर लाकडं बांधली. लाकूड धरलं की दोर आपल्याला वर ओढत नेतो. गावात त्याला ‘ओढणी’ म्हणतात.

ओढणी चालवायची मी. कंधारच्या शाळेत गणित शिकवते, रविवारी गावी येते आणि दिवसभर इंजिनापाशी, दोर चालू-बंद करायच्या दांड्याजवळ उभी राहते. स्वतः मात्र कधी घसरत नसे. सातवीत असताना मी आईची परात घेऊन या उतारावरून सुटले होते. परात दोन ठिकाणी चेपली, मनगट एका ठिकाणी मोडलं. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं मी या उतारावरून घसरले नाही; ओढणी आल्यावर फक्त दुसऱ्यांना वर नेलं आणि त्यांना खाली जाताना बघितलं. अण्णांनी कधी आग्रह केला नाही.

ओढ्यापलीकडे, अगदी आमच्या समोर, दुसरा डोंगर आहे, आमच्या टेकडीच्या तिप्पट उंच. काही वर्षांपूर्वी तिथं रिसॉर्ट झालं. त्यांनी आमच्याकडच्या बाजूलाच लांबलचक उतार केला, त्यावर प्लॅस्टिकच्या ब्रशसारख्या चटया अंथरल्या आणि हवा भरलेल्या मोठ्या रबरी ट्यूब आणल्या. लातूर शहरातून गाड्या भरभरून लोक यायला लागले. मधला ओढा खोल, त्यावर पूल नाही, त्यामुळे इकडून तिकडे जायचं म्हणजे बसनं मोठा वळसा. पण आवाजाला वळसा लागत नव्हता. त्यांच्याकडची बाई किंचाळली की आमच्याकडची माणसं हसायची. आमच्याकडं कुणी कोलांटी खाल्ली की तिकडून टाळ्या.

अण्णांना ते रिसॉर्ट बिलकुल आवडत नव्हतं.

“प्लॅस्टिकवर घसरायचं म्हणजे काय? बादल्या हायत का आपुन?” म्हणायचे.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता रिसॉर्टची मॅनेजर आमच्या घरी आली. पंचविशी-तिशीतली, लातूरची इंजिनिअर मुलगी. बूट दारात काढून ती थेट जमिनीवर बसली आणि वहीत चित्र काढून दाखवायला लागली.

“सर, हा आमचा उतार, हा तुमचा. दोन्ही ओढ्यापाशीच संपतात. मधे एक लोखंडी पूल टाकला तर आमच्या माथ्यावरून सुटलेला माणूस खाली येईल, पूल ओलांडेल, तुमची ओढणी धरून वर जाईल आणि तुमच्या गवतावरून परत ओढ्यापाशी. दिवसभर नुसतं इकडून तिकडं.”

“फिजूल,” अण्णा म्हणाले.

“सर, एकदा येऊन तरी बघा.”

“आमाला इथूनच समदं दिसतंय.”

ती चहा पिऊन गेली. वही मुद्दाम विसरली की खरंच विसरली, मला आजही माहीत नाही. अण्णा दोन दिवस त्या वहीकडे बघत नसल्यासारखं करत होते.

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. अण्णा सकाळीच, “शुगर तपासून येतो कंधारला,” म्हणून धुतलेले पांढरे कपडे आणि टोपी घालून निघाले. मी इंजिन सुरू करून उभी होते. दहाच्या सुमाराला सहज समोर नजर गेली. पलीकडच्या डोंगरावरून एक ट्यूब सुटली होती. ट्यूबमध्ये सगळे पाय वर करून लोळल्यासारखे बसतात. पण यात बसलेला माणूस पाठीला फळी बांधल्यासारखा ताठ होता. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. सावधान! घसरताना सावधान स्थितीत बसणारा माणूस दोन जिल्ह्यांत एकच आहे.

मी फोन लावला. त्यांनी उचलला नाही. थोड्या वेळानं तेच पांढरे कपडे पुन्हा माथ्यावर, पुन्हा सावधान, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा ते ओढ्याजवळ पोचले तेव्हा मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, “अण्णाऽऽ!”

सवयीनं त्यांनी हात वर केला. मग लक्षात आलं असावं, कारण ते ट्यूबच्या मागे खाली बसले. पण ट्यूबच्या मधल्या भोकातून टोपी दिसत होती. माझ्या ओढणीवर चढणारी माणसं इतकी हसली की त्यांच्या हातातली लाकडं सुटली आणि चार-पाच जण आपोआप खाली घसरत गेले.

संध्याकाळी अण्णा घरी आले. मी विचारलं, “कशी हाय शुगर?”

“बरी हाय.” त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, “त्यांचा उतार लई लांब हाय गं. मधे एक वळण हाय, तिथं पोटात कसंतरीच होतं.”

“किती वेळा गेलात?”

“मोजलं न्हाई.” पीटीच्या मास्तरानं मोजलं नाही, यावर माझा विश्वास बसला नाही. जरा वेळानं तेच बोलले, “अकरा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला फोन केला. अट एकच घातली: गावातल्या लेकरांना दोन्ही उतार कायम फुकट. ती म्हणाली, “सर, ते तर माझ्या मनात आधीच होतं.” अण्णांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “पोरगी हुशार हाय. पण बसते वाकडी.”

पुलाला महिनाभर लागला. आमच्या गावचा वेल्डर, त्यांची माणसं आणि रिकामे हात असलेले दोन्हीकडचे सगळे. फळ्या ठोकून झाल्या त्या दिवशी गावातले एक म्हातारे शेतकरी पुलावर गेले आणि उतरायलाच तयार होईनात. दर दहा मिनिटांनी उठायचे, “जरा लातूरला जाऊन येतो,” म्हणायचे आणि पुलाच्या त्या टोकाला तंबाखू मळून परत यायचे. त्यांच्या बहिणीचं सासर पलीकडच्या गावात होतं. तिसऱ्या दिवशी बहीणच चालत आली. म्हणाली, “आता कारण सांगू नकोस, दर सणाला ये.”

उद्घाटन दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी ठरलं. रिसॉर्टच्या माथ्यावर, उताराच्या तोंडाशी लाल फीत बांधली होती. प्रमुख पाहुणे दहाला येणार होते. आम्ही सगळे वळसा न घालता, पुलावरून, पहिल्यांदाच त्या डोंगरावर चढून गेलो. हदगावहून माझी आत्या आली होती, अण्णांची थोरली बहीण. वय पंच्याहत्तरच्या आसपास, हातात धपाट्यांचा डबा, पायात नातवाचे स्पोर्ट्स शूज.

दहा वाजले. अकरा वाजले. पाहुण्यांची गाडी कुठंतरी सत्कारात अडकल्याचा फोन आला. बारा वाजले. अण्णांनी शिट्टी वाजवून सगळ्यांची रांग लावली, मग रांग मोडली, मग पुन्हा लावली. धपाटे संपले. ऊन तापलं. आत्या बेजार झाली.

“ही ट्यूब नुस्ती इथं पडून हाय. मी बसून बघते जरा,” ती म्हणाली.

ट्यूब दोघांची होती. आत्या पुढं बसली, नऊवारीचा काष्टा नीट आवळला आणि मला म्हणाली, “तू बी बस मागं. एकटीला भ्या वाटतं.”

ती सुटू नये म्हणून धरायला मी बसले. आजही शपथेवर सांगते, फक्त त्यासाठीच बसले. मी नीट टेकतेय तोवर आत्यानं दोन्ही टाचा रोवल्या आणि ट्यूब पुढं ढकलली.

फीत आत्याच्या गळ्यात आली आणि तुटली. मागं अण्णांची शिट्टी कर्कश वाजली. मग काहीच ऐकू आलं नाही, फक्त वारा आणि खालच्या चटयांची खरखर. मी डोळे घट्ट मिटले होते. पहिली किंकाळी मी मारली हे मला आठवतं. दुसरी कुणाची होती ते आठवत नाही. ते वळण आलं आणि पोटातलं सगळं एका क्षणासाठी वर उचललं गेलं. मी डोळे उघडले. समोर आमची टेकडी होती, तिच्यावरचं वाळलेलं गवत उन्हात चमकत होतं आणि माझ्या इंजिनावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. इतक्या वर्षांत, आणि सकाळपासून वर रांगेच्या गोंधळातही, मी माझी टेकडी समोरून कधी बघितलीच नव्हती. मला हसू फुटलं. आत्या पुढं “अगं बाई गं, अगं बाई गं” म्हणत होती आणि मी मागं तिला मिठी मारून हसत होते, आणि ते हसू थांबवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

उतार संपतो तिथं थांबण्यासाठी भुसकटाचा मोठा ढीग केला होता. आम्ही त्यात गडप झालो. आधी लाल फीत वर आली, मग आत्या. केसांत, नाकात, कानांत भुसकट. तिनं ते थुंकलं आणि म्हणाली, “पुन्ना.”

वर आता कुणाचंच कुणी ऐकेना. एकामागून एक ट्यूब सुटल्या. सरपंचबाई आल्या, वेल्डर आला, मॅनेजर मुलगी आली, वाकडीच बसून. अण्णा हात पसरून रांग अडवत होते. मग आम्हाला लांबून एक आवाज ऐकू आला: शिट्टीचा, न थांबणारा, जवळ जवळ येणारा. अण्णा येत होते. सावधान बसून, तोंडात शिट्टी तशीच, आणि श्वासाबरोबर ती वाजत होती. वळणावर तिचा सूर एकदम उंच गेला. ढिगात शिरेपर्यंत ती वाजली आणि आत गेल्यावरही एकदा बारीक ‘पी’ झालं.

तिथून सगळी वरात पुलावरून आमच्या बाजूला. मी धावत वर गेले, टॉवेल फेकला, हँडल मारून इंजिन सुरू केलं आणि ओढणीवरून एकेक जण वर यायला लागला. अण्णा वर पोचले, माझ्या हातातून दांडा काढून घेतला आणि म्हणाले, “जा.”

“मी न्हाई. इथं न्हाई.”

“परात न्हाई, पोतं हाय. ताठ बस.”

मी बसले. ताठ राहिले की नाही ठाऊक नाही. पोत्यावरचं घसरणं ट्यूबसारखं नसतं. जमिनीचा प्रत्येक खडा ओळख देतो, आणि गवत कानाशी सळसळतं. खाली पोचले तेव्हा साडीला इतकी कुसळं चिकटली होती की मी साळिंदरासारखी दिसत होते. मनगट चाचपून बघितलं. जागच्या जागी होतं. मी लगेच उठून ओढणीचं लाकूड धरलं.

पाहुणे दीड वाजता आले. फीत तुटलेली. आत्यानं गळ्यातली फीत काढून पुलाच्या दोन कठड्यांना बांधली, गाठी मारल्या आणि कात्री त्यांच्या हातात दिली. भाषण लिहून आणलं होतं त्यांनी, चांगलं दोन पानी. दोन्ही उतारांवर लोक सुसाट सुटलेले, कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. त्यांनी फीत कापली, जरा इकडं तिकडं बघितलं, पानं खिशात घातली, बूट काढले आणि मला विचारलं, “ताई, रांग कुठून लागते?”

आता दर रविवारी हे असंच चालतं. आमच्या गावातल्या बायकांची भाकरी-पिठल्याची चूल पुलाजवळ पेटते. लातूरचे लोक आमच्या गवतासाठी येतात आणि घरी जाऊन कुसळं काढत बसतात. आमची पोरं त्यांच्या वळणासाठी जातात. मॅनेजर मुलगी आणि अण्णा रोज भांडतात. तिला आमच्या उतारावरही हेल्मेट हवं होतं, ते तिनं मिळवलं. अण्णांना तिच्या उतारावर थोडं तरी गवत हवं आहे, ते अजून मिळालेलं नाही.

गेल्या महिन्यात किनवटकडच्या एका वसतिगृहातल्या मुलींची सहल आली. जंगलातल्या गावांच्या मुली. मोठ्या डोंगराचं, वळणाचं त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या आमच्याच गवतावर होत्या. त्यातली एक चुणचुणीत मुलगी पोतं उलटंपालटं करून बघत अण्णांना म्हणाली, “सर, हे लई हळू जाते. आम्ही सागाच्या पानावर बसतो ना.”

“पानावर? फाटत न्हाई?”

“सात-आठ एकावर एक ठेवायची. देठ मागं.”

अण्णांनी तिला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. पानं केवढी, किती, देठ नक्की कुठं. मुलींची बस निघाली तेव्हा ते तिच्या खिडकीबरोबर चालत काहीतरी विचारतच होते. काल मी गावी आले तर घराच्या ओसरीवर सागाच्या पानांचा हा एवढा ढीग. अण्णा त्यात मांडी घालून बसलेले, फोन कानाला, आणि पलीकडे बहुतेक वसतिगृहाच्या बाई.

“तसं न्हाई हो बाई,” ते म्हणत होते, “त्या पोरीलाच द्या जरा. मला एवढंच विचारायचंय, पानं वाळलेली घ्यायची का वली?”