हा फोटो यंदाचाच का?

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या आरक्षण खिडकीत गेली. समोरचा माणूस खरं बोलतोय यावर माझा सहसा विश्वास बसत नाही. काळेभोर केस असलेल्या बायका ज्येष्ठ नागरिकाची सवलत मागायच्या, आणि मिसरूड फुटलेल्या पोराचा बाप म्हणायचा, "अहो, लहानच आहे, दिसतो मोठा." निवृत्त झाले, खिडकी सुटली, स्वभाव नाही सुटला. आमचे हे म्हणतात, "तू देवळात गेलीस तरी देवाआधी पुजाऱ्याकडे बघतेस." बघते. बघायलाच हवं.

अशा बाईने ब्लॉग काढावा, अनोळखी माणसांना 'या, वाचा, काय वाटलं ते लिहा' म्हणावं, हे माझं मलाच पटण्यासारखं नव्हतं. पण आंब्यांनी भरीला पाडलं. लोणावळ्याच्या आठवडी बाजारात एक मावशी उन्हाळ्यात रायवळ आंब्यांची पाटी घेऊन बसतात. रायवळ म्हणजे कलमाचा नव्हे, कोयीतून आपला आपण उगवलेला गावठी आंबा. दर झाडाची चव वेगळी, म्हणून दर झाडाला नाव. खोबऱ्या, गोट्या, केळ्या, शेप्या. माणसांची नावं मी इथे लिहिणार नाही, झाडांची बिनधास्त लिहीन. झाडं भांडायला घरी येत नाहीत.

लोणावळ्यात आम्ही राहतो त्या तुंगार्लीत आसपास बंगले वाढत गेले, तसे बाजारातले हे आंबे एकेक करून दिसेनासे झाले. "केळ्या नाही आणला यंदा?" म्हणून विचारलं की मावशी म्हणायच्या, "त्यो प्लॉटिंगमदी गेला." पुढच्या वर्षी आणखी एखाद्या झाडाचं तेच. माझं डोकंच फिरलं. निदान लिहून तरी ठेवू, म्हणून भाचीकडून ब्लॉग मांडून घेतला. एक आंबा, एक फोटो, झाड कुठल्या गावचं, वास कसा, रस कसा, बस्स.

पहिले काही महिने वाचक म्हणजे भाची आणि हे. मग कुठून कुठून माणसं यायला लागली. एक गृहस्थ प्रत्येक लेखाखाली 'छान!' लिहायचे, लेख टाकल्या टाकल्या. वाचायला तरी वेळ घ्या की! एका बाईंना कुठलाही आंबा दाखवा, त्या विचारणार, 'लोणच्याला चालेल का?' आणि एका महाभागाने खोबऱ्याच्या फोटोखाली लिहिलं, 'निसर्गरम्य परिसर. इथे एनए प्लॉट मिळेल का?' मेल्या, आंबा बघ ना! ते मी तत्काळ उडवलं. मावळात 'हे कुठे आहे हो?' असं कुणी विचारलं, तर पत्ता सांगायच्या आधी त्याची गाडी बघायची, ही आमच्याकडची रीत. ब्लॉगवर गाडी दिसत नाही, तिथेच सगळी पंचाईत.

मग मी शेप्याबद्दल लिहिलं. शेपूसारखा वास येतो म्हणून शेप्या. देठाकडून हुंगायचा, म्हणजे खरा-खोटा कळतो. मी प्रत्येक आंबा हुंगून घ्यायचे आणि मावशी वैतागायच्या. "ताई, खाली दुसरं न्हाई घातलं. का पाटी पालथी करू?" करा म्हटलं असतं, पण भीड पडायची. या झाडाची कथा त्यांनीच सांगितली होती. औंढे हे त्यांचं माहेर. वडील गेल्यावर त्यांनी जमिनीवरचा हक्क सोडला, भावाच्या नावाने सही करून दिली. तेव्हा भावाने बांधावरच्या शेप्याला हात लावून सांगितलं, की हे झाड उभं आहे तोवर याचे आंबे बहिणीचे, चोळीबांगडीचे. झाड गेलं, तर दर वर्षी तिला साडी. कागद नाही, काही नाही. भाऊही आता राहिला नाही.

"साडी मी एकबी घेतली न्हाई," मावशी म्हणाल्या. "झाड हाय ना उबं."

मला ते फार आवडलं, म्हणून सगळं लिहिलं. गाव लिहिलं, बांध लिहिला, मावशी बाजारात कुठे बसतात तेही लिहिलं. नंतर वाटलं, जरा जास्तच लिहिलं का?

आणि आलीच प्रतिक्रिया. नाव नाही, फोटो नाही, नुसतं 'अनामित'. 'सप्रेम नमस्कार. हा फोटो यंदाचाच का? कळावे.'

मी तिथेच थबकले. आंब्याच्या फोटोखाली माणूस चव विचारेल, भाव विचारेल. फोटो कधीचा ते कोण विचारतं? शिवाय 'कळावे'! हल्ली 'कळावे' लिहितं कोण, वकील नाहीतर एजंट. मी उत्तर दिलं नाही.

आठवड्याने पुन्हा तोच. 'झाडाला यंदा मोहोर होता का? की हे आंबे दुसऱ्या झाडाचे? कळावे.' नाही कळवत, जा! मग तिसरं आलं. 'आंबे अजून त्या मावशीच उतरवून नेतात का? कुणी हरकत घेतं का? कळावे.'

हरकत! हा काही आंबे खाणाऱ्या माणसाचा शब्द नव्हे. त्यातच मावशींनी मागच्या बाजाराला सांगितलं होतं, की भावाचा थोरला मुलगा हल्ली पांढऱ्या गाडीतून माणसं आणतो, बांधावर उभा राहून त्यांना हात लांब करकरून काय काय दाखवतो. झालं, माझ्या डोक्यात सगळं जुळलं. जमीन विकायला काढलीये, आणि म्हातारीचा त्यात काही दावा निघतो का, ते हा अनामित माझ्याकडून काढून घेतोय. माझ्याकडून! खिडकीत बसून भल्याभल्यांना परत पाठवलंय मी.

मी उत्तर लिहिलं, 'ते झाड वठलं. फोटो जुना आहे. पुन्हा विचारू नये.'

फोटो त्याच उन्हाळ्यातला होता आणि झाड पानोपान हिरवं होतं. पण मी खुशीत होते. अनामित एकदम गप्प झाला. चहा घेताना मी ह्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की कसा पळवून लावला.

हे बशी खाली ठेवून म्हणाले, "अगं, पण तो एजंट असेल तर त्याला हेच हवं होतं की. झाड नाही, म्हणजे मावशीही नाहीत. जमीन मोकळी."

मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" आणि कपबशा उचलून आत गेले. पण तो चहा काही मला लागला नाही. उत्तर काढून टाकू म्हणून ब्लॉग उघडला, मग वाटलं, आता काढलं तर त्याला आणखीच संशय येईल. तसंच ठेवलं.

पुढच्या बाजाराला मी लवकर गेले. मावशी जागेवर होत्या, पाटीत शेप्या होता, जीव भांड्यात पडला. मी उकिडवी बसून आंबे हुंगत होते, तेवढ्यात चाळिशीचा एक माणूस येऊन उभा राहिला. पँट-शर्ट, हातात कापडदुकानाची पिशवी. तो खाली वाकून मावशींच्या पायांना हात लावायला गेला, तसे मावशींनी पाय मागे ओढले.

"कोन?"

"आत्या, मी."

"मी म्हंजी कोन?" त्यांनी डोळे बारीक करून नीट पाहिलं, आणि चेहरा उतरला. भावाचा धाकटा मुलगा होता तो, पिंपरीला कंपनीत कामाला. बापाच्या दहाव्यानंतर फिरकला नव्हता. मावशी लगेच म्हणाल्या, "सही न्हाई करायची मी. एकदा केली त्येवडी बास."

"सही मागायला नाय आलो गं. घरी गेलतो, पोरं म्हणली बाजारात हाय." शहरातला माणूस, पण आत्यापुढे त्याची गावची बोली परत आली होती. त्याने पिशवीतून साडी काढली, हिरवी, जरीच्या काठाची, वर नारळ. "झाड गेलं ना, म्हणून आणली. बाबांचा शब्द व्हता."

"झाड कुटं गेलं?"

"वठलं ना?"

"कोन म्हनतं?"

"दादा म्हणतो. झाड वाळलं, आत्याचं आता काय बी ऱ्हायलं न्हाई, तू फकस्त येऊन सही कर. सोमवारी सही हाय. त्याचं मी खरं धरलं नव्हतं. शेतात गेलो तर हाणामारी व्हईल, म्हणून एक बाई आंब्यांवर लिहितात त्यांना विचारलं. त्या बी म्हणल्या, वठलं. मग दोन्हीकडून सारखंच आलं, तवा..."

माझ्या हातात शेप्या होता. तो तिथेच राहिला. तेवढ्यात त्याचं लक्ष पाटीकडे गेलं. त्याने एक आंबा उचलला, देठाकडून हुंगला, आणि तसाच नाकाशी धरून राहिला.

"आत्या, हा कुठला?"

"कुटला म्हंजी? शेप्या. काल उतरावलाय."

त्याचे डोळे भरून आले. भर बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी उभा राहून तो माणूस रडत होता, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. म्हटलं, सांगून टाका एकदाचं.

"ती बाई मीच," मी म्हणाले. आणि कुणी काही बोलायच्या आत, स्वभावच तो, मीच त्याच्यावर डाफरले. "पण तुम्ही नाव का लिहिलं नाहीत? अनामित काय, हरकत काय! सरळ लिहायचं ना, मी भाचा आहे म्हणून!"

"नाव लिहिलं असतं तर दादानं वाचलं असतं," तो डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही तरी खोटं का लिहिलंत?"

"मला वाटलं तुम्ही एजंट."

मावशी एकदा त्याच्याकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. मग पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या, की शेजारची कांदेवाली वळून बघायला लागली. "लय शानी दोगं! मला इचारायचं कुनालाच न्हाई सुचलं व्हय?"

भाचा खाली बसला. साडी त्याने आत्याच्या मांडीवर ठेवली, आता आणलीच आहे तर घे म्हणाला. मावशींचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी साडी उचलली, काठावरून एकदा हात फिरवला, आवडली होती हे दिसत होतं, आणि परत त्याच्या पिशवीत घातली.

"न्हाई. साडी घेतली म्हंजी झाड गेलं. झाड उबं हाय तवर साडी नगं." मग त्याच्या हातातल्या आंब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यो खा. हितंच खा, माज्या म्होरं."

त्याने तिथेच बसून खाल्ला. रस कोपरापर्यंत आला, त्याच हाताने त्याने नाक पुसलं. मला कुणी आंबा खा म्हटलं नाही, आणि मीही मागितला नाही.

त्या संध्याकाळी माझ्या उत्तराखाली, 'ते झाड वठलं'च्या खाली, प्रतिक्रिया आली. या वेळी अनामित नव्हता. 'सप्रेम नमस्कार. वरील मजकूर खरा नाही. झाड उभे आहे, आज मी त्याचे फळ खाल्ले. ते झाड माझ्या आत्याचे आहे. ते जाईल अशा कुठल्याही कागदावर मी सही करणार नाही.' खाली स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, मुक्काम औंढे, तालुका मावळ. 'कळावे.'

मी ते परत परत वाचलं. माझं खोटं काढून टाकायला बोट गेलं होतं, पण ते काढलं तर त्याच्याखाली लिहिलेलंही जातं. म्हणून राहू दिलं. येणारे-जाणारे वाचतात, बाई खोटारडी आहे म्हणतात. म्हणोत. लोणच्यावाल्या बाईंनी तर लिहिलं, 'ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

सोमवारी त्याने सही केली नाही. व्यवहार अडला. थोरला चिडलाय असं कानावर आहे, आणि चिडलेल्या माणसाच्या घरात कुऱ्हाड असते, हे मला कळतं.

बाजाराच्या दिवशी मी मावशींना फोन काढून ते वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भावाचं नाव आलं तिथे डोक्यावरचा पदर सारखा केला.

"समद्यास्नी दिसतं ह्ये?"

"सगळ्यांना."

"थोरल्याला बी?"

"उघडलं तर त्यालाही."

"आन पुसता येतं का?"

माझी चूक अशी, की मी खरं सांगितलं. "येतं. त्याला येतं, मलाही येतं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी ओळखते, मीच खिडकीतून लोकांना देत आले. "मंग दर बाजाराला येऊन वाचायचं," त्या म्हणाल्या, "माज्या म्होरं."

तेव्हापासून जाते. आंबे संपले, आता पाटीत रानभाज्या असतात, तरी जाते. भाजीला हात लावायच्या आधी फोन काढावा लागतो.

"हाय का?" त्या विचारतात.

"आहे." मी वाचून दाखवते, अगदी 'कळावे'पर्यंत. मग मी विचारते, "आणि झाड?"

"हाय की," मावशी म्हणतात. "सकाळीच हात लावून आले."