दोनशे चाळीस डाव्या बाह्या

दोनशे चाळीस बाह्या कापून झाल्या आणि त्या सगळ्या डाव्या निघाल्या. याला कारण भाचा. आत्याचा दोष एवढाच, की आयुष्यात पहिल्यांदा तिने भाच्याचं ऐकलं.

भाचा म्हणजे आई गेल्यापासून आत्याकडे वाढलेला, दोन नोकऱ्या सोडून तिसऱ्या धंद्यात स्थिरावू पाहणारा. धंदा बोलण्याचा. ‘सकारात्मक मन, यशस्वी जीवन’ अशी पाटी लावून तो हॉल मिळेल तिथे शिबिरं घ्यायचा. स्वतःच्या आयुष्यात अजून उजेड पडायचा होता, पण दुसऱ्याच्या आयुष्यात दिवा लावायला स्वतःकडे काडेपेटी असावीच लागते असं थोडंच आहे? आत्या त्याला ‘व्याख्याते’ म्हणायची. ‘व्याख्याते, दूध उतू गेलं’, ‘व्याख्याते, चपला आत घ्या’.

आत्या सव्वीस वर्षं गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात काजबटणाला होती. मागच्या खिडकीशी तिचं स्टूल. एक काज झालं की त्यातून बटण घालून बघायचं, ओढून बघायचं, मग उजेडाकडे धरून बघायचं. कुणी घाई केली तर म्हणायची, ‘थांब, पुन्हा बघू.’ त्यावरून दुकानात तिचं नावच पडलं ‘पुन्हाबघू’. पण तिच्या हातचं काज कधी उसवून आलं, असं मालकाच्याही आठवणीत नव्हतं.

तिचा जीव अडकला होता दुसऱ्याच ठिकाणी. स्टुलावरून समोर कापायचं लांब टेबल दिसायचं. तिथे मास्तर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने रेघ मारायचे आणि नुसत्या कापडाचा माणसाएवढा आकार व्हायचा. चौदा वर्षांपूर्वी तिने एकदाच मालकांना विचारलं होतं, मला कापायला शिकू द्याल का. मालक हसले होते. ‘बाई, तुम्ही कात्री धरलीत तर काजं काय मी करू?’ विषय तिथेच मिटला. आत्याच्या मनात मात्र तो उसवलेलाच राहिला.

आता मास्तरांचा हात कापायला लागला होता. म्हणजे कापड नव्हे, हातच. महिनाअखेरीला ते जाणार होते. घरी भाच्याने आत्याकडून ही गोष्ट काढून घेतली.

‘तुझं चुकतं कुठे सांगू?’ तो म्हणाला. ‘तू आधीच मनात म्हणतेस, जमणार नाही.’

‘मी म्हणते, पुन्हा बघू.’

‘तेच ते.’

‘ते नाही, व्याख्याते.’

पण पोराचा उत्साह दांडगा. रोज सकाळी मोरीवरच्या आरशासमोर उभं राहून ‘मला जमतं’ असं दहा वेळा म्हणायचं, असा त्याने नेम घालून दिला. आत्याने चार वेळा म्हटलं आणि मग म्हणाली, ‘आरसा पुसायला झालाय.’ तरी पाचव्या दिवशी ती मालकांसमोर उभी राहिली. ‘कापायचं मला जमतं,’ म्हणाली. मालक चकित झाले. पहारेकऱ्यांच्या एकशे वीस शर्टांचं काम होतं. अंग मास्तरांनी कापलं होतं, बाह्या राहिल्या होत्या. ‘सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून देतो,’ मालक म्हणाले. ‘बाह्या नीट आल्या तर टेबल तुमचं.’

थर लावायला दुसरा माणूस हवा म्हणून ती भाच्याला घेऊन गेली. कापडाला दोन बाजू होत्या, सुलट तकतकीत आणि उलट मंद. ‘एक थर उताणा, एक पालथा,’ तिने बजावलं. दोन तळहात एकमेकांवर ठेवून दाखवलं. ‘असं, तोंडाला तोंड. म्हणजे एक बाही डावी, एक उजवी निघते.’ मग ती बाजूच्या टेबलावर, एका थरात चार बाह्या बसतील असा, फर्म्याने कागद आखायला बसली.

भाचा थर लावायला लागला आणि बोलायला लागला. दोन्ही कामं एकदम केली की त्याचं एकच काम नीट होतं, आणि ते थर लावायचं नव्हे. भीती कशी आपणच पाळतो, शंका कशी माणसाला स्टुलावर बसवून ठेवते, हे तो इतक्या रंगात येऊन सांगत होता की साठच्या साठ थर उताणेच पडले.

आत्याने आखलेला कागद वर पसरला, कापायचं मशीन हातात घेतलं. मग सवयीने तिची बोटं थरांचा कोपरा उचलायला गेली.

‘आत्या,’ भाचा म्हणाला, ‘आज पुन्हा बघू नाही. आज विश्वास.’

तिने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी जोड्या लावायला दोन बाह्या उचलल्या, मग आणखी दोन, मग गठ्ठ्याच्या तळातल्या दोन. ‘बाई,’ ते हळूच म्हणाले, ‘सगळ्यांचा उजवा हात कुठे गेला?’

भाचा तेव्हा दारातच उभा होता, आत्याचा घरी राहिलेला चष्मा घेऊन. मालकांनी विचारलं, ‘थर कुणी लावले?’

आता मालक हे व्यापारी मंडळाचे कार्यवाह होते आणि मंडळाच्या हॉलमध्ये शिबिर ठेवायचं भाच्याचं त्यांच्याशी नुकतंच बोलणं झालं होतं. हे त्याला त्या क्षणी आठवायला नको होतं, पण नेमकं तेच आठवलं. त्याने चष्म्याची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

‘टेबल माझ्या ताब्यात होतं,’ आत्या म्हणाली.

‘मग झालं तर. जा, काजं बघा.’

आठ दिवसांत बाहेरून नवा कापणारा आला. निम्म्या डाव्या शर्टांना लागल्या; वाया गेलेल्या एकशे वीस बाह्या मालकांनी आत्याला नेऊ दिल्या, पुसायला होतील म्हणून. तिने दोन खेपांत गाठोडी घरी आणली. भाच्याला वाटलं, आता बोलेल. तिने कात्री काढली. जेवणं झाली की जमिनीवर एक डावी बाही पसरायची, खडूने त्यावर लहान मुलाच्या शर्टाचा भाग आखायचा, कोपरा उचलून बघायचा आणि कापायचा. पहिल्या तीसेक बाह्यांच्या चिंध्या झाल्या. पुढे आकार यायला लागला. वर्षभराने शेजारणी पोरांचे शर्ट तिच्याकडून बेतून न्यायला लागल्या. आरशासमोर मात्र ती पुन्हा उभी राहिली नाही. केससुद्धा न बघता विंचरायची.

दीड वर्षाने तो कापणाराही सोडून गेला. टेबल पुन्हा रिकामं झालं. आत्याचं जेवण कमी झालं. दुकानात मालक म्हणाले होते म्हणे, ‘बाईंनी एकदा माती खाल्लीय. ज्याला थर लावता येत नाहीत तो कापणार काय?’

त्याच आठवड्यात हॉलमध्ये भाच्याचं शिबिर होतं. दीड वर्षात धंदा बरा चालला होता आणि त्याचा हुकमी किस्सा होता एका काजबटणवाल्या बाईचा, जिने दोनशे चाळीस चुकीच्या बाह्यांतून स्वतःला घडवलं. त्या किश्शाला टाळ्या हमखास. त्या दिवशी पहिल्या रांगेत मालक होते आणि शेवटच्या रांगेत, पंख्याखालची खुर्ची सोडून, आत्या.

किस्सा सुरू झाला. तळहातावर तळहात आला, फर्मा आला. ‘आणि थर...’ भाचा म्हणाला, आणि थांबला. आता फक्त एक वाक्य. मालक मान वर करून बघत होते. भाच्याने पेला उचलला, घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘...थर चुकले. पण ती बाई खचली नाही.’

टाळ्या पडल्या. मालकांच्या सगळ्यांत मोठ्या. बाहेर पडताना त्यांनी आत्याला गाठलं. ‘तुमचीच गोष्ट ना? चूक मान्य करायला मोठं मन लागतं.’ आणि कापायला नवा माणूस सोमवारपासून येतोय, त्याला काजांचं माप समजावून द्या, असंही सांगितलं.

घरी आल्यावर आत्याने भाच्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण लावायला घेतलं. शर्ट त्याच्या अंगावरच होता, त्यामुळे त्याला हलता येईना.

‘गोष्ट चांगली सांगतोस,’ ती म्हणाली. ‘थर कुणी लावले, तेवढं राहिलं.’

‘सांगतो आत्या. उद्याच जाऊन सांगतो.’

‘उद्या सोमवार.’

‘मग काय झालं?’

‘काही नाही. तुझ्या सवडीने सांग.’ तिने दाताने दोरा तोडला, बटण ओढून बघितलं, शर्टाची कड दिव्याकडे वळवून पुन्हा बघितलं.

सोमवारी भाचा दुकानाच्या पायरीपर्यंत गेला. काचेतून नवा माणूस टेबलाशी दिसला, मागे खिडकीशी आत्या. तिने एक काज उजेडाकडे धरलं होतं. तो परत फिरला. त्यानंतरही दोनदा पायरीपर्यंत जाऊन आला. शिबिरं चालू आहेत. किस्सा थरापाशी आला की घोटभर पाणी लागतं, म्हणून हल्ली पेला तो आधीच भरून ठेवतो.