तीन पायांचा कुत्रा मागणारा माणूस

मी लातुरात क्लासेसच्या वेबसाइट करायचो. एका निकालानंतर दोन वेगवेगळ्या क्लासवाल्यांनी एकाच मुलीचा फोटो ‘आमची गुणवंत विद्यार्थिनी’ म्हणून मला पाठवला. तेव्हापासून कुणी काही चांगलं सांगितलं की मी आधी त्यातली खोट शोधायचो. पण संशयाच्या बाबतीत बाई माझ्याही पुढं होत्या.

बाई निवृत्त शिक्षिका. औशाकडच्या एका गावात त्या शिकवायच्या. भूकंपानंतर गाव नव्या जागेवर गेलं, माणसं गेली, पण कुत्री जुन्या गावातल्या ढिगाऱ्यांवरून उठेनात. शाळा सुटली की बाई भाकरी बांधून तिकडं जायच्या. तिथं लागलेली सवय सुटली नाही. पुढं लातूरच्या बाहेर त्यांनी पत्र्याचं शेड घातलं आणि आजारी, जखमी जनावरं सांभाळायची छोटी संस्था काढली. जनावरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वेबसाइटसाठी मला त्यांच्याकडं धाडलं.

बाईंची पहिलीच अट, पत्ता टाकायचा नाही. मी म्हणालो, बिनपत्त्याची संस्था लोकांना बनावट वाटेल. बाई म्हणाल्या, पत्ता कळला की सकाळी दारात पोतं सापडतं आणि पोत्यात पिल्लं असतात. परीक्षा संपून पोरं खोलीवर पाळलेली पिल्लं मागं टाकून आपापल्या गावी निघाली की असं जास्तच होतं. शेवटी आम्ही जनावरांचे फोटो टाकले आणि ज्याला हवं त्यानं लिहून कळवावं अशी सोय केली.

पहिला निरोप नांदेडहून आला. त्या गृहस्थाला फोटोतला तीन पायांचा तांबडा कुत्रा हवा होता.

मला आनंद झाला. बाईंच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या. धडधाकट पिल्लं सोडून हा म्हातारा लंगडा कशाला? मी फोन लावला, तर पलीकडचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, “असंच. आवडला.” मग कुणीतरी जवळ आल्यागत घाईनं त्यानं फोन ठेवला. आता मलाही शंका येऊ लागली. राखणीला नेऊन शेतात उपाशी बांधून ठेवणारे बाईंनी पाहिले होते, आणि कुत्र्याचे हाल करून त्याचे व्हिडिओ काढणारेही. त्या म्हणाल्या, घर बघितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि येतोय हे कळवायचंही नाही.

अहमदपूर, लोहा करत आम्ही माझ्या गाडीनं नांदेडला गेलो. निरोपात दिलेलं घर विष्णुपुरीच्या रस्त्याला होतं. मी तिथल्याच कॉलेजात शिकल्यामुळं शोधावं लागलं नाही. भरदिवसा सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. गृहस्थ एका कार्यालयात नोकरीला होते, सुट्टी असल्यानं घरीच भेटले. आम्हाला बघून ते दचकलेच. त्यांच्या पत्नीनं दारातल्या चपला पायानंच कॉटखाली सारल्या. त्यातला एक जोड तरुण मुलीचा होता. तो मी पाहिला आणि बाईंनीही.

घरात कोण कोण असतं, बाईंनी विचारलं. आम्ही दोघंच, गृहस्थ म्हणाले. तेवढ्यात आतल्या पडद्यामागं कुणीतरी खोकलं. बाईंनी चहाचा कप न उचलता पदर सावरला आणि त्या उठल्या. “खोटं बोलणाऱ्या घरात मी जनावर देत नाही,” त्या म्हणाल्या.

आम्ही दारापर्यंत पोचलो होतो, तेव्हा आतून आवाज आला, “त्याच्या पोटावर पांढरा पट्टा हाय का?”

बाई थांबल्या. पट्टा होता, पण एकाही फोटोत दिसत नव्हता.

पडदा सारून अठराएक वर्षांची मुलगी बाहेर आली. लातूरला क्लास करायची, हॉस्टेलवर राहायची. क्लास सुटायच्या वेळेला हा कुत्रा बरोबर फाटकाशी हजर असायचा, म्हणून पोरी त्याला ‘सर’ म्हणायच्या. एक दिवस तिच्या डोळ्यांदेखत त्याला गाडीनं उडवलं. कुणीतरी उचलून नेलं, आणि तो मेलाच असं ती धरून चालली. आधीच तिचं मन तिथं लागत नव्हतं. त्यानंतर ती वर्गात बसलीच नाही, घरी आली आणि खोलीबाहेर पडेना. शेजाऱ्यांना अजून ती लातूरलाच आहे असं सांगितलेलं.

वडिलांनी मान खाली घातली. “कुत्र्यापायी पोरीनं क्लास सोडला, हे कुणाला सांगू बाई?”

माझा संशय तिथंच विरला. बाईंचा नाही. पोरगी उद्या शिकायला गेली की त्याला कोण बघणार? आई हळू आवाजात म्हणाली, “मी बघते. वेबसाइटवरचा फोटो बघितल्यापासून ते लेकरू जेवायला तरी लागलं.” बाईंनी हे ऐकून घेतलं आणि शेवटची अट घातली. कुत्रा न्यायला मुलीनं स्वतः लातूरला यायचं. आईबापांचे चेहरे उतरले. लातूरचं नाव काढलं तरी ती दार लावून घ्यायची. मुलीनं फरशीवरून नजर उचलली. “येते,” ती म्हणाली.

रविवारी तिघं आले. क्लासच्या रस्त्यावरून येताना तिनं डोळे मिटून घेतले होते, असं वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. शेडमध्ये कुत्र्यानं तिला हुंगलं आणि तो सरळ भांड्याकडं निघून गेला. तिचा चेहरा पडला. मी तिची समजूत घालायला निघालो, तर बाईंनी हातानंच मला थांबवलं. खाऊन झाल्यावर तो लंगडत परत आला, तिचा हात पुन्हा हुंगला आणि तिच्या पायाला टेकून बसला. ती रडली, पण आवाज न करता.

गाडी दिसेनाशी झाल्यावर बाई म्हणाल्या, “बघू, फोटो पाठवतात का.”

संध्याकाळी फोटो आला. कुत्रा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवा झोपलेला. बाईंनी माझा मोबाइल हातात घेऊन तो मोठा करून करून पाहिला, मानेपाशी, भिंतीपाशी, दाराच्या कडीपाशी.

“साखळी न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि मला साइटवरून त्याचा फोटो काढायला सांगितलं.